एकतीस वर्षांची धुणी

माती तपासणीच्या ऑफिसात कपाटावरचा पाइप फुटला आणि नमुन्यांच्या पाच बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. साहेब परवा निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी नव्या अधिकाऱ्याच्या ताब्यात सगळं द्यायचं होतं. चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळली की ती कुठली हे सांगणारा माणूस, असा त्यांचा दबदबा. "तुमच्या तर डाव्या हातचा मळ," म्हणत शिपायाने बरण्या पुढे केल्या.

"घरी बघतो," म्हणून साहेबांनी त्या पिशवीत घातल्या. डायबेटिसने त्यांच्या बोटांची जाण दोन वर्षांपूर्वीच गेली होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

घरी काळी माती तेवढी रंगावरून कळली. उरलेल्या चार तपकिरी भुकट्यांपुढे साहेब हात टेकून बसले.

बायको मागून बघत होती. "बोटं साथ देत नाहीत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"दोन वर्षं बटणं न काढता शर्ट डोक्यातून ओढून काढताय. धुते कोण तो?"

तिने एक जुना पांढरा अभ्रा आणला. एकेक माती ओली करून त्यावर चोळली, साबण लावून खळबळून काढला, वरून इस्त्री फिरवली. "ही नदीकाठची. गुणी आहे, एका पाण्यात जाते. ही माळावरची लबाड, तीन पाण्यांनंतरही डाग तसाच. आणि हिला वाळल्यावर पांढरी कड आली बघा, म्हणजे खारवट. त्या दौऱ्यांनी तुमच्या पँटी पार वाया घालवल्या."

चौथ्या डागापाशी ती थांबली. पुन्हा धुऊन पाहिला. "ही नाही ओळखत मी. एकतीस वर्षांत ही आपल्या घरात आलीच नाही."

साहेब दिवसभरात पहिल्यांदा हसले. लग्नाआधी त्यांनी मातीच्या नमुन्यासाठी एकच खड्डा खणला होता. "डोंगरावरच्या जंगलातली. तेव्हा कपडे मी धुवायचो."

"मग धुतले नसणारच," ती म्हणाली.

ताबापत्रात 'नमुने कोणी ओळखले' असा रकाना होता. साहेबांनी लिहिलं, 'पत्नीने. माझ्या बोटांची जाण गेली आहे.' दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका ओळीत मावली, याचं त्यांनाच नवल वाटलं.

निवृत्तीच्या सकाळी ते नवा शर्ट अंगात घालून, बटणं उघडीच ठेवून तिच्यापुढे येऊन उभे राहिले. तिने वरून एकेक बटण लावायला सुरुवात केली.