एका शब्दाच्या चाली

"ऐकू येतंय का? गावकऱ्यांनो, मी तुमचा प्रमुख को फानसोक बोलतोय. आज सोलहून वाचा-उपचाराच्या बाई येत्यात. भाषेच्या डॉक्टरच म्हणायच्या. तवा कुणी गावठी बोलू नका. टीव्हीवर बातम्या सांगत्यात तसं, शुद्ध बोला!"

खांबावरचा भोंगा खरखरून थांबला. आरोग्य केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या ओगिमनं कपाळावर हात मारला.

एकतीस वर्षं ती इथं परिचारिका होती. मार्चमध्ये निवृत्त व्हायची होती. दाराच्या काचेवरचा कागद तिनंच सहा वर्षांपूर्वी चिकटवला होता : 'वाचा-उपचारतज्ज्ञ पाहिजे. सरकारी परवाना आवश्यक.' आजवर दोघं आले, गाव बघून परत गेले. या महिनाअखेरपर्यंत कुणी रुजू झालं नाही, तर ते पदच रद्द होणार होतं.

फानसोकनं तोडगाही सुचवला होता. "माझी भाची हाय की! तीन आठवड्यांचा कोर्स केलाय, प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का हाय. परवाना परवाना काय घेऊन बसलीस, ताई?"

"तुझ्या नावेचं इंजिन बिघडलं तर न्हाव्याला बोलावतोस का? वाचा-उपचारात गिळायलाबी शिकवत्यात; चुकीच्या रीतीनं घोट पाजला तर पाणी माणसाच्या फुप्फुसात जातंय. परवाना नसंल, तर खुर्ची रिकामी ऱ्हाईल."

दहाच्या बसमधून थाक सोरिन उतरली. तिशीची, पाठीवर एकच पिशवी. ओगिमनं तिला बाजारातून फिरवलं. खायचं वाळवलेलं समुद्री शेवाळ विकणारी म्हातारी, जिचं तोंड एरवी मिटत नसे, ती शाळेत कविता म्हणावी तशी उभी राहिली. "आपले हार्दिक स्वागत असो. आज हवामान प्रसन्न आहे." पुढं तिला काही सुचेना. खानावळीत तर कुणी तोंडच उघडलं नाही. चुकण्यापेक्षा गप्प बरं. नुसता चमच्यांचा आवाज.

"इथली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत का?" सोरिननं हळूच विचारलं. "मी इथं रुजेन असं वाटत नाही."

ओगिमनं भाताचा वाडगा बाजूला सारला.

आता फक्त केंद्र दाखवायचं राहिलं होतं. तिथं ओगिमनं सकाळीच एक खबरदारी घेतली होती. रक्तदाब तपासायला आलेल्या मा दक्सूला तिनं बायकोसकट मागच्या खोलीत बसवलं होतं. दक्सू म्हणजे फेरीबोटीचा जुना कप्तान. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला आणि सगळे शब्द गेले. उरला एकच, तोही शिवीचा. भूक लागली तरी तोच, मुलगी भेटायला आली तरी तोच.

सोरिन कागद चाळत असतानाच मागचं दार धाडकन उघडलं.

"पटकी!"

"अवं, गप बसा की!" बायको त्याची बाही ओढत होती. "भाषेची डॉक्टरीण हाय ती! बाई, माफ करा, माणूस वाईट न्हाई, तोंड तेवढं..."

सोरिन उठली. दक्सूला खुर्चीवर बसवून स्वतः त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आजोबा, पुन्हा म्हणा."

"पटकी?" या वेळी हळू, शेवट वर उचललेला.

"मी कोण म्हणून विचारताय. मी थाक सोरिन."

"पटकी, पटकी." दोन्ही जड, खाली पडलेले. डावा हात मागच्या खोलीकडं गेला.

"तिथं लपवून ठेवलं, म्हणून रागावलात."

ओगिमनं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत तिनं त्याचा रक्तदाब न चुकता मोजला होता. ऐकलं मात्र नव्हतं.

"शब्द एकच आहे, पण बोलण्याच्या चाली, आवाजाचे चढउतार, शाबूत आहेत," सोरिन तिला म्हणाली. "शिव्या मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतात. तिथून सुरुवात करता येईल. किती शब्द परत येतील, ते मात्र आज सांगता येणार नाही." मग ती हसली. "सकाळपासून मी ऐकलेलं हे पहिलं खरं बोलणं."

दक्सूची बायको पुढं आली. "म्हंजी आमचं गावठी चालतंय व्हय तुमास्नी? मग त्या फानसोकच्या भोंग्याला पटकी येवो!"

महिना संपायला तीन दिवस असताना सोरिनचा परवाना ओगिमच्या परवान्याशेजारी खिळ्यावर लागला.

त्या सकाळी ओगिम दाराच्या काचेवरचा कागद काढत होती. कागद निघाला, पण सहा वर्षांची चिकटपट्टी निघेना. आपल्या पाळीची वाट बघत बसलेला दक्सू उठला आणि डाव्या अंगठ्याच्या नखानं ती खरवडू लागला. बराच वेळ. शेवटचा तुकडा निघाल्यावर त्यानं स्वच्छ काचेतून बाहेर पाहिलं.

"पटकी," तो सावकाश म्हणाला.

"व्हय, कप्तान," ओगिम म्हणाली. "छान दिसतंय."