सूर्यफुलाच्या बाटलीतलं खोड

पाचव्यांदा ब्लेडने खोडाचा पातळ काप काढून तिने तो लाल रंगात बुडवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. बाटलीवर चिठ्ठी सूर्यफुलाची. पुस्तकातल्या सूर्यफुलाच्या खोडात वाहिन्यांचे पुंजके शहाण्या मुलांसारखे गोल रांगेत बसलेले. इथे मात्र मधल्या सुट्टीतल्यासारखे वाट्टेल तिथे पांगलेले.

"पुस्तकातलं काढ आणि मोकळी हो," शेजारची चष्मिस म्हणाली. तिची आकृती केव्हाच रंगवून झाली होती.

"तू आत डोकावलीस तरी का?"

"कशाला उगाच डोळे फोडून घेऊ?"

तिने दिसलं तेच काढलं. वही पाहून बाईंचा पारा चढला. "सूर्यफूल दिलंय गं बाई, मका नाही. परीक्षेचे पाच गुण गेले तुझे."

"गुण कापा बाई, पण आधी एकदा बघा तरी," ती वैतागून म्हणाली.

बाईंनी सुस्कारा सोडत डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग त्यांनी प्रयोगशाळेच्या काकांना बोलावलं. काकांनी बाटली उजेडात धरली, डोकं खाजवलं. "बाटल्या धुताना चिठ्ठ्या सुटल्या होत्या. अंदाजाने चिकटवल्या. हा मकाच की."

बाईंनी तिच्या वहीवर पाचपैकी पाच लिहिले आणि वर्गाकडे वळल्या. सगळ्यांना त्याच बाटलीतले तुकडे मिळाले होते आणि उरलेल्या तेवीस वह्यांत गोल रांग होती.

"मक्याच्या खोडात सूर्यफूल कोणाकोणाला दिसलं? हात वर करा."

चष्मिस खोडरबर शोधायला बाकाखाली गेली, ती वर येईचना.