बरणीतला श्वास

जुन्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांच्या गजांना लटकून टेबलावरच्या मोठ्या काचेच्या बरणीकडे बघत होती. बरणीच्या बुचातून एक नळी आत गेली होती, आत तिला दोन फाटे फुटले होते आणि त्यांच्या टोकांना दोन फुगे बांधलेले. बरणीचा तळ आणि टेबलाचे पाय काळ्या मखमलीने झाकलेले. टेबलामागे खुर्चीत टेकून प्राणगुरू बसले होते.

"नळी उघडी आहे. कुणी फुंकतंय? कुठे पंप दिसतोय?" ते म्हणाले. "मग हे भरतात कशाने? गेलेल्याच्या ओढीने!"

आणि फुगे खरोखरच भरले. दोन आखूड श्वास, एक लांब, मग थांबणं. पुन्हा दोन आखूड, एक लांब.

गर्दीत उभ्या असलेल्या पंक्चरवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याचा मोठा भाऊ सहा महिन्यांपूर्वी दम्याने गेला, तो शेवटचे आठ दिवस असाच श्वास घेत होता. दोघांच्या खोल्यांमधली भिंत पातळ होती. त्या थांबण्यात पलीकडे पंक्चरवालाही श्वास धरून बसायचा. भाऊ गेल्यावरही तो आवाज घरातून हलला नव्हता, आणि आता तो डोळ्यांसमोर काचेत चालला होता. शेजारी उभी वहिनी रडतही नव्हती, नुसती बघत होती.

भावाच्या मुलीलाही दमा होता. एकवीस दिवस बरणीजवळ बसली की बाप तिला आपला श्वास देईल, असं प्राणगुरूंनी सांगितलं होतं. अट एकच. तिचा तोंडाने ओढायचा दम्याचा पंप बंद. "विकतचा वारा आणि बापाचा श्वास एका छातीत नांदत नाहीत." पंक्चरवाल्यालाही ते पटलं होतं. पंप म्हणजे हवा भरणं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? उसनी हवा भरून पोरगी किती दिवस चालणार? त्यानेच तो पंप दुकानातल्या पेटीत कुलपात टाकला होता.

सहाव्या दिवशी दुपारी पोरगी दुकानात आली ती भिंत धरतच. छातीतून शिट्टी वाजत होती, ओठ निळसर झाले होते.

"काका, पंप द्या."

"अगं, बाहेरची हवा भरून..."

"हवा नसते त्यात." एकेका शब्दाला ती थांबत होती. "औषध असतं. माझ्या नळ्या आवळल्यात."

तो पेटीकडे धावला. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. तिने पंप ओढला, जरा थांबून पुन्हा ओढला, आणि हळूहळू शिट्टी विरली. त्याचा जीव भांड्यात पडला. मग डोक्यात घोळत होतं ते त्याने विचारलं. पंपात हवा नाही, तर तुझ्या छातीत ती भरतं कोण?

तिने त्याचा तळवा त्याच्याच बरगड्यांखाली ठेवला. इथे आत एक पडदा असतो, ती म्हणाली, स्नायूचा. तो खाली सरकला की बरगड्याही फाकतात, छातीत जागा होते, आणि बाहेरची हवा आपणहून आत येते. फुप्फुसं स्वतः काही करत नाहीत, ती नुसती फुगतात. पडदा सैल पडून वर आला की हवा बाहेर.

पंक्चरवाला सायकलच्या पंपाकडे बघत राहिला. दांडा वर ओढला की हवा आत येते. आयुष्यभर त्याने दांडा ओढला, पण लक्ष दिलं ते फक्त दाबण्याकडे.

"म्हणजे फुंकायला लागतच नाही," तो म्हणाला. "खालून ओढलं की झालं. आणि त्या बरणीची खालची बाजूच तर मखमलीने झाकलीय."

घरी वहिनी पंप काढून घेणार, हे त्याला माहीत होतं. तिच्यासमोर उलगडा झाल्याशिवाय पोरीची सुटका नव्हती. संध्याकाळी तो गर्दीतून वाट काढत थेट टेबलापाशी गेला. प्राणगुरू ओरडले, हात लावलास तर आत्मा निघून जाईल! वहिनीने त्याचं मनगट धरलं.

"भाऊजी, त्यांना पुन्हा मारू नका."

त्याने मनगट सोडवून घेतलं. मग त्याने मखमल ओढली.

बरणीला तळच नव्हता. तिथे ट्यूबचं रबर ताणून पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेलं. त्याच्या मधोमध बांधलेली दोरी टेबलाच्या भोकातून खाली गेली होती, थेट प्राणगुरूंच्या पायाच्या अंगठ्याला. लोकांचा गलका झाला. त्यात प्राणगुरू पळायला उठले आणि त्याच दोरीत पाय अडकून आडवे झाले.

पंक्चरवाल्याने दोरी सोडवून वहिनीच्या हातात दिली. "ओढा."

तिने ओढली. रबर खाली आलं, फुगे भरले. सोडली, फुगे बसले. तिचा हात आपोआप चालू लागला. दोन आखूड, एक लांब. थांबण्याच्या जागी हात थांबला, तो पुन्हा हललाच नाही.

"या गुरूनेच मला विचारलं होतं, ते कसा श्वास घ्यायचे," ती म्हणाली. "मीच करून दाखवलं होतं."

गेलेल्या माणसासाठी हवं तितकं रडावं. पण कुणी तुमच्या दुःखाचा खेळ मांडला, तर आधी त्यावरचं कापड उचलून बघावं, आणि जिवंत माणसाचं औषध डॉक्टरशिवाय कुणाच्याही शब्दावरून बंद करू नये.

वहिनी घरी आली. पोरगी झोपली होती. वहिनीने तिच्या बरगड्यांखाली हात ठेवला. पोट वर आलं, खाली गेलं. ती मोजत बसली नाही. नुसता हात ठेवून बसली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळं रडली.