माझ्यावर चिकटवलेला भाऊ

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची एक जुनी बाई आहे. समोरून पाहिलंत तर तुम्हाला मिशीवाला पुरुष दिसेल. गोंधळू नका. तो माझा भाऊ आहे आणि तो माझ्यावर चिकटवलेला आहे.

खरं तर अशी जन्मकथा सावकाश सांगायची असते. पण माझ्याजवळ वेळ नाही. रद्दीवाला दारात आला आहे. त्याने ताणकाटा आडव्या दांडीला अडकवला आहे आणि आधी वर्तमानपत्रं, मग रिकामी खोकी असा क्रम लावला आहे. खोक्यांनंतर मी. दुकानवाल्या मामी सुतळी शोधायला आत गेल्या आहेत. या दुकानात सुतळी कधीच पटकन सापडत नाही, एवढाच काय तो मला आधार. तेव्हा मी भराभर सांगते, तुम्ही भराभर ऐका.

माझा जन्म एका चित्रकार बाईंच्या टेबलावर झाला. एका व्हिडिओ गेमची नायिका म्हणून. गेमची गोष्ट अगदी साधी होती. डोंगरात मोठं वादळ होऊन गेलं आहे, विजेच्या तारा तुटल्या आहेत, गावंच्या गावं अंधारात आहेत. तारा जोडायला एक बहीण आणि तिचा भाऊ निघतात. पहिल्याच मनोऱ्यावर भाऊ म्हणतो, "ताई, मी पुढे जाऊन बघतो," आणि धुक्यात नाहीसा होतो. भावांचं असंच असतं. पुढचा सगळा गेम ताईचा. मनोऱ्यामागून मनोरा चढायचा, तार जोडायची, खालच्या गावात दिवे लागलेले बघायचे आणि भावाला हुडकायचं. त्या ताईला गेममध्ये सगळे तारवाली म्हणतात. ती तारवाली म्हणजे मी.

चित्रकार बाईंनी मला त्यांच्या आत्यासारखं काढलं. आत्या खरोखरीच विजेच्या खांबांवर चढायच्या. म्हणून माझे खांदे रुंद. केस घट्ट बांधलेले. गालावर वंगणाचा फराटा, हातात पक्कड आणि कानामागे टेस्टर. आत्या जेवायला बसल्या तरी कानामागचा टेस्टर काढत नसत म्हणे. एकदा त्या तशाच एका लग्नाला गेल्या होत्या आणि तिथले गेलेले दिवे लावून आल्या होत्या.

माझं चित्र कंपनीच्या सभेत भिंतीवर लावलं. तिथे जाहिरात खात्याचे साहेब होते. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. साहेबांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "छान आहे. आम्हाला बाई चालते. फक्त हिच्यात थोडी कमी बाई हवी, नाहीतर मग थोडी जास्त."

म्हणजे नेमकं काय, ते चित्रकार बाईंनी विचारलं. साहेबांनी समजावून सांगितलं की कंबर जरा बारीक करता येईल, गाल पुसता येईल, वरचं एखादं बटण उघडता येईल आणि केस मोकळे सोडता येतील. चित्रकार बाई म्हणाल्या, "उच्चदाबाच्या तारांजवळ केस मोकळे सोडले, तर गेम पहिल्याच मनोऱ्यावर संपेल."

साहेबांनी ते टिपून घेतलं. त्यांना वाटलं, ही सूचना आहे.

मग काही मुलगे बोलावण्यात आले. त्यांच्यापुढे माझं चित्र आणि वेफर्स ठेवले. हा गेम घ्याल का, असं विचारलं. मुलगे वेफर्सकडे पाहून हो म्हणाले. आणखी वेफर्स नाहीत हे कळल्यावर माहीत नाही म्हणाले. मुलींना का बोलावलं नाही, असं चित्रकार बाईंनी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले की मुली गेम खेळत नाहीत. हे कशावरून? तर आमच्या पाहणीत त्या कधी आढळल्या नाहीत यावरून.

चित्रकार बाई हटून बसल्या. चित्राला हात लावाल तर मी काम सोडेन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेवटी साहेबांनी शब्द दिला की चित्रात काहीही बदल होणार नाही. मित्रांनो, तो शब्द त्यांनी पाळला. माझ्यात काहीही बदल केला नाही. मला जशी होते तशी छापली, पुठ्ठ्यावर चढवली, कापली, पाठीला टेकू लावला. आणि दुकानांत पाठवायच्या आदल्या दिवशी हुकूम आला की हिच्यावर भाऊ चिकटवा.

नवे पुठ्ठे कापायला सवड नव्हती. छापखान्यातल्या काकांनी खळीची बादली घेतली आणि आम्हाला एकेक करून आडवं पाडलं. भाऊ माझ्याहून थोडा अरुंद होता, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ छापलेलं होतं. काकांनी माझ्या चेहऱ्यापाशी कुंचला आणला आणि थांबवला. म्हणाले, "बाई, नाकातोंडात खळ घालत नाही. कडांना लावतो." त्यांनी नुसत्या कडांना लावली. मग भाऊ माझ्यावर पसरला आणि माझा उजेड गेला.

चित्रकार बाईंना सांगण्यात आलं की बाईवाले पुठ्ठे भिजून खराब झाले, टाकून द्यावे लागले.

मी या दुकानात आले ती अशी. दुकान मामांचं. ते कोणाचे सख्खे मामा आहेत हे मला अजून कळलेलं नाही, पण सगळे त्यांना मामा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मामी. मला दाराशी उभं केलं. पोरं माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची आणि मला भाऊ म्हणायची. माझं कौतुक झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं. फक्त ते माझ्या अंगावरच्या कागदाचं होतं.

गेमच्या खोक्यावरही भाऊच छापला होता. त्यामुळे व्हायचं ते झालं. पोरं गेम घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. एक जण मामांना म्हणाला, खोक्यावरचा माणूस चहा होईपर्यंत हरवतो, मग सगळा गेम त्याची बहीण खेळते. मामांनी विचारलं, "मग, आवडला नाही?"

"आवडला की. पण फसवलं ना."

ही तक्रार इथून निघाली, कंपनीत पोचली आणि वाटेत तिचं एवढंच उरलं की लोकांना बहीण आवडत नाही.

आता मी तुम्हाला मामींची गोष्ट सांगते. माझं सगळं भविष्य त्या एका दुपारी ठरलं.

मामा दुपारी जेवून पडत. त्या वेळी मामी गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या दाखवायच्या टीव्हीवर माझा गेम खेळत. सुरुवातीला त्यांना कंट्रोलर सरळ धरता येईना. पण हळूहळू बोटं बसली. पोरं ज्या मनोऱ्यावरून धडाधड पडत, तिथून मामी विळीवर बसल्यासारख्या निवांत पुढे जात. तारवाली दमली की त्या तिला म्हणत, "बस गं जरा. कुठे जातोय तुझा भाऊ." हे मामांना माहीत नव्हतं. पोरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण कागदाआडून आवाज ऐकू येतो आणि थोडंफार दिसतंही.

त्या दुपारी मामी सगळ्यांत उंच मनोऱ्यावर होत्या. तारवाली एका हाताने लोंबकळत होती, दुसऱ्या हातातली पक्कड तारेपर्यंत पोचतच होती, आणि दारातून गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आत आला. मामींनी कंट्रोलर चटकन वर्तमानपत्राखाली सारला. तो कंपनीचा पाहणीवाला होता. या गेमचा दुसरा भाग काढायचा आहे, नायक कोण ठेवायचा हे ठरवायचं आहे, म्हणून दुकानादुकानांतून विचारत होता. त्याने नम्रपणे विचारलं, बायका-मुली खेळतात का हो हा गेम?

मामी म्हणाल्या, "छे हो. बायकांना कुठला आलाय वेळ. पोरं खेळतात आपली."

तो लिहीत होता, तेवढ्यात पडद्यावर तारवालीचा हात सुटला. ती बराच वेळ खाली पडत राहिली. मामींनी तिकडे बघितलं नाही. तरुणाने बघितलं, पण त्याला वाटलं की टीव्ही उगाच चालू आहे.

मित्रांनो, मी मामींना दोष देत नाही. एवढ्या वयाची बाई भरदुपारी गेम खेळते हे चारचौघांत सांगायचं म्हणजे पंचाईतच. पण ओरडावंसं वाटणं आणि तोंडावर भाऊ असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसणं कठीण असतं.

पुढे एके दिवशी चित्रकार बाईच दुकानात आल्या. मी त्यांना पावलांवरून ओळखलं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या श्वासाने भावाचा कागद हलला. त्यांचा फोन चालू होता. दुसऱ्या भागात आता ताई हरवणार होती आणि भाऊ तिला शोधणार होता. हरवलेल्या ताईचे केस मोकळे असणार होते. चित्र त्यांनीच काढायचं होतं, नाहीतर दुसरं कोणी काढणार होतं. पलीकडून साहेब बहुधा सांगत असावेत की आकडे बघा, लोक बाई घेत नाहीत.

चित्रकार बाई हळूच म्हणाल्या, "लोकांना ती दाखवलीत कधी तुम्ही?"

मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि भावाच्या हातावर बोट ठेवलं. त्या मामींना म्हणाल्या की ही पक्कड माझ्या आत्याची आहे, आणि ह्याने ती उलटी धरली आहे. मामी काहीतरी बोलणार होत्या. मी ऐकत होते. त्यांनी घसा खाकरला, वर्तमानपत्र सारखं केलं, आणि चहा घेता का, असं विचारलं. चित्रकार बाई नको म्हणून निघून गेल्या. त्यांचं बोट माझ्या पोटापासून एका कागदाच्या अंतरावर होतं. माझ्या जन्मात मला आवाज हवासा वाटला तो तेव्हा. एक शब्द पुरला असता.

दुसऱ्या भागातली ताई त्यांनी काढली नसावी. खांद्यांवरून कळतं.

तो भागही फारसा खपला नाही. तेव्हा कंपनी म्हणाली की सध्या बाजारच मंद आहे. भाऊ खपला नाही की बाजार मंद, ताई खपली नाही की ताई मंद. असा तो हिशेब. नवा कटआउट आला आणि मला मागच्या खोलीत, तुटक्या पंख्याशेजारी ठेवलं. तिथे भिंतीला ओल होती. माझा एक पाय फुगला. भावाच्या मिशीवर बुरशी आली, ती मिशीला शोभून दिसली. आणि ओलीने एक उपकार केला. माझ्या उजव्या कानापाशी खळ सैल झाली आणि कागदाचा कोपरा नखभर सुटला. तेव्हापासून मी रोज वाट पाहिली की कोणीतरी सहज म्हणून तो ओढेल. मामा दोनदा आले, दोन्ही वेळा पंखा बघून गेले.

खोकी संपली. सुतळी सापडली. मामी मला धरून दाराशी आल्या आहेत आणि माझ्या कमरेला गाठ मारत आहेत. एवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. मामींनी मला काखेत धरूनच तो उचलला.

कंपनीचाच फोन आहे. तिसऱ्या भागाची पाहणी. पहिला प्रश्न काय असणार ते मला माहीत आहे, मामींनाही माहीत आहे. त्यांच्या काखेत मी आहे, म्हणून त्यांचं काळीज किती जोरात उडतंय ते मला कळतंय.

"मी खेळते," मामी म्हणाल्या.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, मुलगा नाही. मी. वय बासष्ट. तारवालीचा गेम तीनदा पुरा केलाय. दुसऱ्या भागात तिला बांधून ठेवलीत, तो अर्ध्यात सोडला. काय? रकाना नाही? मग रकाना करून या. मी थांबते."

रद्दीवाला ताणकाटा धरून उभा आहे. मामी फोन कानाला लावून उभ्या आहेत. फोनमध्ये कसलंसं संगीत वाजतंय.

मित्रांनो, तेवढ्यात माझं मागणं सांगून टाकते. ओल, बुरशी, उंदीर, ही आमची नेहमीची दुखणी आहेत, त्यांपासून जपलंत तर बरंच होईल. पण कोणी विचारायला आलं की हे कोण खेळतं, तर हातातली वस्तू वर्तमानपत्राखाली सारू नका. तुम्ही सारता आणि इकडे कोणाचा तरी हात सुटतो. आणि एखाद्या खोक्यावरचा माणूस पक्कड उलटी धरून उभा दिसला, तर त्याच्यामागे कोण आहे ते एकदा बघा.

फोनवर थांबलेल्या माणसाची बोटं स्वस्थ बसत नाहीत. कोणी वायर गुंडाळतं, कोणी टेबल खरवडतं. मामींचं नख माझ्या सुटलेल्या कोपऱ्याशी चाळा करतंय. त्यांचं लक्ष फोनकडे आहे. कोपरा वर येतोय, खाली बसतोय. जरा जोर लावा, मामी. अजून थोडा. भावाचा कान फाटला. त्याच्या खाली दुसरा कान आहे. त्या कानामागे टेस्टर आहे.

मामींचं नख थांबलं. तो टेस्टर त्यांनी तीनदा मनोऱ्यावर चढवला आहे, तो त्या ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार.

फोनमधलं संगीत थांबलं, माणूस परत आला आणि हॅलो, हॅलो म्हणू लागला.

"आता तुम्ही थांबा," मामी त्याला म्हणाल्या. "इथे एक बाई सापडली आहे."

त्यांनी फोन गल्ल्यावर उताणा ठेवला, रद्दीवाल्याला हाताने थोपवलं, आणि दोन्ही हातांनी कोपरा धरला.