माझ्यावर आलेला कुरकुरीचा आळ

मित्रांनो, मी एक टेपरेकॉर्डर आहे. जुना, काळा, एका स्पीकरचा. जे ऐकलं ते जसंच्या तसं परत ऐकवायचं, एवढंच माझं काम. तरीही एकदा माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. माझ्याबरोबर एका बाईवरही आला. तीच हकिकत तुम्हांला सांगतो.

१९८६ साली पिंपळनेरच्या भाईदास शिंप्याने मला धुळ्याच्या एका दुकानातून घेतलं. घेताना त्याने मला तीनदा उलटंपालटं केलं, झाकण उघडून आत फुंकर मारली आणि दुकानदाराला विचारलं, "नवाच आहे ना? का कुणी वापरून परत आणून दिलाय?" भाईदास माणूस भला, पण संशय त्याच्या हाडात मुरलेला. गिऱ्हाइकाने कापड दिलं की आधी ते उजेडाकडे धरून भोक शोधायचा. त्याच्या संगतीत मीही तसाच झालो.

त्याच्या दुकानासमोर उखर्डूचं चहाचं हॉटेल होतं आणि तिथे टीव्ही होता. मालिका सुरू व्हायच्या आधी भाईदास मला टीव्हीपुढच्या स्टुलावर ठेवायचा, लाल बटण दाबायचा आणि सगळ्या हॉटेलला दटावायचा, "आता कुणी कपबशी वाजवायची नाही!" मग मालिकेचं गाणं माझ्या कॅसेटवर उतरायचं. शेवटी नावं भराभर वर सरकत, तेव्हा तो वहीत गायकाचं नाव टिपून घ्यायचा. मोठ्या गायकांच्या कॅसेटी धुळ्यात ढिगाने मिळत. त्यांचं त्याला अप्रूप नव्हतं. ज्यांचं नाव पिंपळनेरात कुणी ऐकलंच नाही, असे गळे तो शोधायचा. अकरा नावं जमली होती त्याच्या वहीत.

बारावं नाव काही मिळेना. १९८९ साली रविवारी सकाळी एक नवी मालिका लागली. सुरुवातीला एका बाईच्या आवाजात ओवी होती:

"पांझरा माय, तुनं पानी धुळाले जास,
मनं मन मातर माहेरले फिरी येस."

वाद्य एकही नाही. नुसता आवाज, थोडा खरखरीत, पण काळजात शिरणारा. हॉटेलात चहा निवला तरी कुणी कपाला तोंड लावलं नाही. भाईदास शेवटपर्यंत पेन धरून बसला. पडद्यावर फक्त आलं, 'लोकगीत : पारंपरिक'.

"पारंपरिक नावाची बाई असते का कुठे?" तो उखर्डूवर उखडला. "नाव दडवलंय कुणी तरी."

दुकानात येऊन त्याने मला सुरू केलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक कुरकुर ऐकू येत होती. टीव्हीवर ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. भाईदासने लगेच माझ्यावर संशय घेतला. स्पिरिटच्या कापसाने माझं हेड पुसलं. पट्टा बदलला. धुळ्याच्या मेकॅनिकने मला उघडून सांगितलं, "आता हा गेला. नवा घ्या." मित्रांनो, मी ठणठणीत होतो. पण स्वतःची बाजू मांडायला मला माझं तोंड कुठे होतं?

एके दिवशी दुकानात ती कॅसेट चालू असताना भिकुबाई लेकीचा फ्रॉक सैल करायला आल्या. कांद्याच्या खळ्यात मजुरी करणारी, कमी बोलणारी बाई. लग्नघरी हळदीच्या गाण्यांना मात्र त्यांना आवर्जून बोलावत. गाणं कानी पडताच त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"भाऊ, हाई तं मनं गानं शे!"

भाईदास हसला. "अक्का, तुमचं कसं? ही ओवी आपल्याकडे घरोघरी म्हणतात."

"ओवी बठ्ठासनी शे. आवाज मना शे." मग त्यांनी सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी शूटिंगवाले आले होते. कानाला वाट्या लावलेला एक माणूस दळणाच्या वेळी त्यांच्या दारात बसला होता. "मी दयन दयत व्हतू. त्यानी मनं नाव बी लिखी लिन्हं."

बेबाबाई ब्लाउज न्यायला येऊन बसल्या होत्या. त्या भिकुबाईंच्याच गल्लीतल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "व्वा वं माय! आते तू टीव्हीमा बी गास का?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. विहिरीवर बायका भिकुबाईंना बघून गप्प होऊ लागल्या. त्या महिन्यात तीन लग्नं झाली. एकाही हळदीला त्यांना बोलावणं गेलं नाही. खोटारडीचं गाणं कुणाला हवं?

भाईदासलाही शंकेने घेरलं. हिला नक्की हवं तरी काय? खरं सांगू? मलाही त्यांचा संशय आला होता. कॅसेटवर ज्याचं नाव छापलेलं असतं तोच गाणारा, एवढंच मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी भिकुबाई फ्रॉक न्यायला आल्या. मी ओवी वाजवत होतो. कुरकुर आली तशी भाईदासने माझ्या डोक्यावर थाप मारली. "या डबड्याला आता भंगारातच घालतो."

"त्याले काबरं मारतस, भाऊ?" हाताने जातं फिरवल्यासारखं करत भिकुबाई म्हणाल्या. "ती कुरकुर मना जातानी शे. खुटा ढिला व्हता."

भाईदासने हात मागे घेतला. पण लगेच खात्री पटेल तो भाईदास कसला! कॅसेट ऐकून कुणीही असं सांगेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला पिशवीत घातलं, साक्षीला बेबाबाईंना घेतलं आणि भिकुबाईंचं घर गाठलं.

पीठ आता गिरणीवर दळलं जाई. जातं कोपऱ्यात पोत्याखाली होतं. भिकुबाईंनी ते ओढून काढलं, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा धरून फिरवला. कुरकुर झालीच नाही. बेबाबाई भाईदासकडे बघून हसल्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही बाईही खोटी आणि मीही भंगारात.

भिकुबाईंनी खाली वाकून खुंट्याच्या बुडाशी बोट फिरवलं. त्यांच्या नवऱ्याने, चिंधाने, गेल्या दिवाळीत तिथे लाकडी पाचर ठोकली होती. त्यांनी वरवंट्याने दोन ठोके मारून ती उपसली. भाईदासने माझं लाल बटण दाबलं. जातं फिरलं आणि ओवी सुरू झाली. आवाज आधी कापला, मग मोकळा झाला. पहिली ओळ संपली आणि खुंटा कुरकुरला. दुसरी संपली, पुन्हा कुरकुरला.

मग भाईदासने आधी टीव्हीवरची कॅसेट वाजवली, नंतर आत्ताची. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. तोच गळा, तीच कुरकुर, त्याच जागी. त्याच्या संशयाला बसायला जागाच उरली नाही.

मग बेबाबाई उठून भिकुबाईंच्या शेजारी बसल्या. "मनं चुकनं, बाई. परवा मनी पोरनी हयद शे. तू उनी नही तं हयद लागाव नही."

भाईदासने मालिकावाल्यांना दोन पत्रं लिहिली. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' मालिका संपली, पण पडद्यावर 'पारंपरिक'च राहिलं. मग भाईदासने वहीत बारावं नाव लिहिलं आणि कॅसेटवरच्या कागदावरही ठळक शाईने तेच लिहून ती भिकुबाईंच्या हाती दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कॅसेट त्याच्यापुढे धरली.

"गायिका, भिकुबाई चिंधा अहिरे, पिंपळनेर," त्याने वाचलं.

"आखो एकदाव वाचा, भाऊ."

त्याने पुन्हा वाचलं. त्यांनी कॅसेट पदराच्या टोकाला बांधली आणि त्या कामाला गेल्या.

मित्रांनो, आता माझा पट्टा विरला आहे, बटणं बसली आहेत, आणि मी फळीवर धूळ खात पडलो आहे. जमलं तर मला अधूनमधून पुसा. पण त्याहून मोठं मागणं असं, की गाणं आवडलं तर ते कोण गातंय हे विचारा. पडद्यावरच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आणि कुणी म्हणालं, 'हा आवाज माझा आहे,' तर हसण्याआधी त्याच्या घरी जाऊन एकदा नीट ऐका.