उघडी ठेवलेली डिस्क

“बाबा, ही डिस्क माझ्याकडे चालतच नाही. नुसती गरगर फिरते आणि बाहेर येते,” लेक दारातूनच म्हणाली. कडेवर बाळ, हातात डिस्क.

डिस्ककाकांनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. अख्ख्या इमारतीच्या जुन्या कॅसेटी ते घरच्या कॉम्प्युटरशेजारच्या बर्नरवर डिस्कमध्ये उतरवून देत. डबा एवढासा, पण स्वतंत्र बाण्याचा. कॉम्प्युटर बंद असला तरी स्वतःच्या बटणांवर चालणारा. काकांचा दंडक एकच: काम झालं की डिस्क बंद करायची. मग तिच्यात पुढे काही भरता येत नाही, पण ती कुठेही चालते. उघडी राहिलेली डिस्क फक्त त्याच बर्नरवर दिसते. आणि ज्याला त्याला हे शिकवणाऱ्या माणसाने बायकोचीच डिस्क उघडी ठेवली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

“विसरलात ना बंद करायला?”

“आधी हात झाला नाही. आणि मग... तूच बघ.” काकांनी डिस्क बर्नरमध्ये सरकवली.

पडद्यावर आई खिडकीपाशी स्वेटर विणत बसली होती. याच बाळासाठी, त्याच्या जन्माआधी. एक बाही झाली आणि आई गेली. अर्धा स्वेटर सुयांसकट अजून कपाटात होता. प्रत्येक स्वेटरची शेवटची गाठ मात्र ती नवऱ्याकडूनच मारून घ्यायची. “तेवढाच तुमचा हातभार,” म्हणायची.

“बाबा, ही दुसरी बाही कुठून आली?”

“वाढतेय ती. दुपारी कॉम्प्युटर बंद असतो, तरी बर्नरचा दिवा लुकलुकतो. मग बघावं, तर दोन बोटं जास्त विणलेलं. मला वाटलं, म्हातारचळ लागला.”

लेकीच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पडद्यावरच्या सुया थांबल्या. आईने मान वर केली आणि थेट त्यांच्याकडे पाहिलं. बाळ ओळखीचं माणूस दिसल्यासारखं हसलं. त्याने आजीला कधी पाहिलंच नव्हतं.

“बंद करा बाबा. मला भीती वाटतेय.”

“बंद केली की थांबेल गं ती.”

“तुम्ही बसवून ठेवलंय तिला तिथे. दमली असेल हो.”

बायको जन्मात कधी ‘दमले’ म्हणाली नव्हती आणि काकांनीही कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ ते बटणावर बोट ठेवून बसले, मग दाबलं. बर्नर घरघरला आणि कोमट डिस्क बाहेर आली. लेक ती घेऊन गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. “चालली बाबा. पण यात आई पहिलीच बाही विणतेय. मूळ कॅसेटीत होतं तेवढंच आहे.”

आपल्याच हाताने घालवलं सगळं. निदान अर्धा स्वेटर तरी हातात घ्यावा म्हणून काकांनी कपाट उघडलं.

स्वेटरला दोन्ही बाह्या होत्या. सुया बाजूला नीट ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या बाहीला लोकरीचं एक टोक तेवढं लोंबत होतं, गाठ न मारलेलं.

“बाबा? ऐकताय ना?” लेक विचारत होती. एका हाताने गाठ मारता येईना, म्हणून काकांनी फोन खाली ठेवला.