कोणीही असो, गय करू नका

सकाळी सकाळीच मिस्त्रीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिलाई मशीनच्या कंपनीतल्या बाईचं उत्तर आलं होतं आणि ते पुन्हा तेच होतं: "आम्ही तपासून पाहिलं. अशी कोणतीही जाहिरात आम्हाला दिसली नाही."

"डोळे आहेत की बटणं लावलीत?" त्या कॉम्प्युटरवरच ओरडल्या.

पुढच्या खोलीत दादांचं शिलाई मशीनचं दुकान. वीस वर्षं मिस्त्रीणबाई तिथेच स्टुलावर बसून मशीनं दुरुस्त करत होत्या, म्हणून तर हे नाव पडलं. मग उजवं मनगट गेलं. स्क्रूड्रायव्हर फिरवायला गेलं की कोपरापर्यंत कळ. डॉक्टर म्हणाले, आता हे काम विसरा. भावाच्या घरात राहायचं, भावाच्या ताटात जेवायचं आणि वर हात चालत नाही म्हणून बसून राहायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. वहिनी काही बोलत नव्हती, हेच जास्त लागायचं.

म्हणून मागच्या खोलीत हा उद्योग थाटला. कुठलं मशीन घ्यावं, कुठलं घेऊ नये, जाड कापडावर कुठलं अडकतं, हे सगळं त्या वेबसाइटवर लिहायच्या. वाचणाऱ्याने तिथूनच कंपनीच्या ऑनलाइन दुकानात जाऊन मशीन घेतलं, की विक्रीमागे कमिशन. असं गिऱ्हाईक पाठवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे भागीदाराला, कंपनीने एक नंबर दिलेला. तो लिंकमध्ये असतो, त्यावरून गिऱ्हाईक कोणी पाठवलं ते कंपनीला कळतं. बाईंच्या नंबरचे शेवटचे आकडे चार-चार-एक-आठ. डायरीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी तो ठळक लिहून ठेवला होता.

पदरचे पैसे घालून त्या गूगलवर जाहिरातीही लावायच्या. 'जीन्स शिवायला मशीन' असं कोणी शोधलं की बाईंची जाहिरात वर यायची. पण कंपनीचा नियम कडक होता. कंपनीच्या नावावर जाहिरात लावायची नाही. जो माणूस कंपनीचं नाव टाकूनच शोधतोय, तो आपल्या पायांनी दुकानात चाललाय. त्याला दारात अडवून 'मी आणला' म्हणत कमिशन घ्यायचं, ही चोरी. बाईंनी नियमांचा कागद भिंतीला चिकटवला होता आणि त्या नाकासमोर चालत होत्या.

आणि तीन महिन्यांपासून कोणीतरी नेमकं तेच करत होतं! कंपनीचं नाव टाका, पहिलीच जाहिरात हजर. खाली पत्ता कंपनीचाच, त्यामुळे कोणाची ते कळायची सोय नाही. जाहिरातीवर दाबल्याशिवाय नंबर दिसत नाही, आणि दाबायला बाई तयार नव्हत्या. "मी दाबून त्या मेल्याच्या हाताला बळ देऊ? मुळीच नाही." त्या नुसते फोटो काढून कंपनीला पाठवायच्या. कंपनी कानावर हात ठेवायची.

दादा मात्र त्यांच्या बाजूने होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, पण शिव्या मनापासून द्यायचे. "सापडू दे तो हरामखोर. नियमाने चालणाऱ्याच्या ताटातलं ओढतो म्हणजे काय!"

"आणि तरी माझी विक्री वाढलीये बरं, दादा. तीन महिन्यांत दुप्पट. हा चोर नसता तर किती झाली असती!"

"तुझं लिखाणच तसं आहे," दादा म्हणायचे आणि ओठ दाबून हसायचे. बाईंना त्या हसण्याचं कौतुक वाटायचं. मनगट गेल्यापासून दादांनी त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

त्याच सकाळी पाचव्या तक्रारीत बाईंनी डोकं चालवलं. जाहिरात लावणाऱ्याला गाव निवडता येतं. ज्या शहरात कंपनीचं ऑफिस, तेवढं शहर वगळलं की ऑफिसातल्यांना जन्मात जाहिरात दिसणार नाही. बाकी सगळ्या जगाला दिसेल. हे त्यांनी सविस्तर लिहिलं आणि शेवटी रागाच्या भरात टाकलं, "कोणीही असो, गय करू नका. कायमचा काढून टाका."

त्यावर आज दुपारी पहिल्यांदाच वेगळं उत्तर आलं. तुमचं म्हणणं शक्य आहे. जाहिरातीवर दाबून पूर्ण लिंक पाच वाजेपर्यंत पाठवा. नाही आली तर तक्रार बंद, आणि पुन्हा या विषयावर लिहू नये.

"वा! काम यांचं, आणि करायचं मी," बाई पुटपुटल्या. पण इलाज नव्हता. त्यांनी कंपनीचं नाव टाकलं, नाक मुरडलं आणि जाहिरातीवर दाबलं. वर लांबलचक लिंक आली. त्यांनी चष्मा पुसला. परत वाचली. डायरीचा पुठ्ठा शेजारी धरून एकेक आकडा जुळवला.

चार-चार-एक-आठ.

आधी वाटलं, कोणीतरी मुद्दाम अडकवलंय. मग आठवलं, तीन-चार महिन्यांपूर्वी दादा सहज म्हणाले होते, "तो नंबर मलाही लिहून दे गं, असू दे." त्या उठून पुढे गेल्या. दादा मशीनला तेल घालत होते.

"दादा, माझा नंबर कोणाला दिला होतास?"

दादांचा चेहरा खुलला. "कळलं शेवटी? अगं, आपला तो बोर्ड रंगवणारा हल्ली कॉम्प्युटरवर जाहिराती करतो. त्याला म्हटलं, माझ्या बहिणीचं काम जरा वाढव, पैसे मी देतो, तिला बोलू नकोस. तो म्हणाला, कंपनीचं शहर सोडून सगळीकडे लावतो. तू तेव्हा रोज मनगट चोळत बसायचीस, मला बघवत नव्हतं. वाढलं ना काम?"

बाईंना ओरडावं, तेलाची बुधली भिरकावून द्यावी, असं वाटलं. दादा एखादं बक्षीस मिळाल्यासारखे बघत होते. त्या तशाच मागे वळल्या.

साडेचार झाले होते. लिंक पाठवली नाही तर कोणाला काय कळणार होतं? बोर्डवाल्याला आज थांबवलं की जाहिरात गायब, तक्रार बंद, खातं शाबूत. लिहायचं काम तेवढं जमत होतं, तेही गेलं तर त्या पुन्हा वहिनीच्या स्वयंपाकघरात नुसत्या भाज्या निवडत बसणार होत्या. पण ती दुप्पट विक्री! तीन महिने ज्या आकड्यांवर त्या ताठ मानेने जेवल्या, त्यातली किती गिऱ्हाइकं त्यांचं लिखाण वाचून आली आणि किती दारात अडवलेली, हे आता त्यांनाही सांगता येणार नव्हतं. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता. एकदा, फक्त एकदा दाबून बघितलं असतं तर!

पाचला दहा कमी असताना त्यांनी लिंक चिकटवली. खाली लिहिलं, "नंबर माझाच आहे. मला माहीत नव्हतं, पण जाहिरात माझ्या घरातून लागली." आणि पाठवून दिलं.

तीन महिने जागची न हलणारी कंपनी चार मिनिटांत हलली. दोन पत्रं आली. पहिल्यात त्यांचं खातं कायमचं बंद. दुसरं तक्रारदाराला: "आपल्या सतर्कतेमुळे नियम मोडणाऱ्या एका भागीदारावर कारवाई करता आली. मनःपूर्वक आभार."

बाई हसल्या आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"काय गं, आलं का उत्तर?" दादांनी पुढून विचारलं. "सापडला का तो चोर?"

"सापडला."

"हाकलला ना?"

"हाकलला. कायमचा."

"बरं झालं! अशांची गय करूच नये." दादांनी मशीनचं चाक गरकन फिरवलं. "कोण होता मेला?"

मिस्त्रीणबाईंनी भिंतीवरचा नियमांचा कागद काढला, घडी घातली आणि पुढच्या खोलीत आल्या. आपलं जुनं स्टूल ओढून दादांच्या समोर बसल्या. दुखरा हात मांडीवर ठेवला.

"ते तेल खाली ठेव, दादा," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यावर चिडू नकोस."